महिनाअखेरीला पुसायचा आवाज

एक मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. वसुधा गेली हे सांगायला ज्यानं मला फोन केला, त्याला मी चोर म्हणाले.

त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. आमच्या पुंडलिकनगरात पाण्याचा दिवस म्हणजे सणच. त्या वेळात कुणी मेलं तरी नळापासून उठायचं नाही, असं मी गमतीनं म्हणत असे... आता म्हणणार नाही. एका हातात पाइप, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडं पुरुषाचा आवाज, दाटलेला. "कमलमावशी का? मी पुण्याहून प्रसाद बोलतोय, वसुधाआत्याचा पुतण्या. आत्या गेली, मावशी... पहाटे." आता गंमत बघा. ऑपरेशन चांगलं झालं, असा मेसेज वसूनं स्वतःच्या हातानं आदल्या दिवशी मला पाठवला होता. आणि तिनंच मला इतकी वर्षं घोटून घोटून शिकवलं होतं की अनोळखी नंबर, घाईची बातमी आणि रडवेला आवाज ही तिन्ही एकदम आली, की कुणीतरी आपल्या खिशात हात घालतंय असं समजायचं.

"आता पैसे मागशील, व्हय ना?" मी म्हणाले. "ॲम्ब्युलन्सला पाहिजेत का दवाखान्याच्या बिलाला?"

"मावशी, पैसे कशाला..."

"मग तिच्या फोनवरून लाव की. खरा पुतण्या असशील तर लाव."

"तिचा फोन उघडत नाहीये. लॉक आहे."

"सापडला का नाही चोर! जित्या बाईला मारतोस, लाज नाय वाटत?"

फोन बंद केला. मग शिकवल्याप्रमाणं माझ्याकडं असलेला ओळखीचा नंबर लावला. वसूचा. रिंग गेली, उचलला गेला. मग तोच मघाचा आवाज म्हणाला, "मावशी... मीच आहे." माझा ड्रम भरून वाहत होता, पाणी जिन्यापर्यंत गेलं होतं, खालची शेजारीण "आजी, नळ! नळ!" म्हणून ओरडत होती, आणि मी फोन कानाला लावून तशीच उभी.

त्याला आता महिना होऊन गेला. मी किती रडले वगैरे लिहीत नाही, ते ज्याला त्याला ठाऊक असतं. सांगायचं ते वेगळंच आहे. माझ्याकडं वसूचा आवाज नाही. फोटो आहेत, बँकेच्या ग्रुप फोटोत ती नेहमी टोकाला, अर्धी चौकटीबाहेर. आवाज मात्र कुठंच नाही. जग व्हॉट्सॲपवर बोलून मेसेज पाठवतं, ही बाई टाइप करायची. "आवाज म्हणजे पण किल्लीच असते, कमलताई. एवढासा तुकडा मिळाला तरी हल्ली त्यातून अख्खा माणूस उभा करतात." लग्नकार्यात व्हिडिओवाला जवळ आला की ही ताटातली जिलबी तोंडात कोंबून बसायची, बोलावं लागू नये म्हणून. चेहरा डोळे मिटले की दिसतो. तिची वाक्यंही आठवतात, शब्द न् शब्द. पण ती सगळी मला माझ्याच आवाजात ऐकू येतात. रोज थोडी थोडी जास्त माझ्या आवाजात... तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता आणि तो मिळवायला मी काय केलं, ते सांगायला बसलेय. पण आधी ती कोण होती ते सांगायला हवं.

आम्ही दोघी इथल्या एका सहकारी बँकेत होतो. मी काउंटरवर. ती माझ्याहून लहान, नंतर आलेली, कॉम्प्युटर विभागात ऑफिसर म्हणून. तेव्हाची कमल म्हणजे काय ध्यान होतं, विचारू नका. पैठणकडच्या शेतकऱ्याची पोर, बी.कॉम. झाली म्हणून गावभर मिरवलेली, आणि बँकेत पहिला कॉम्प्युटर समोर आला तर त्याला घरून क्रोशाचं झाकण विणून नेलं. खंडेनवमीला त्याची पूजा केली, ओल्या झेंडूचा हार घातला, त्यातलं पाणी ठिबकून कीबोर्डची एक कळ आठवडाभर चिकटून बसली. पासवर्ड होता मुलाचं नाव. तो विसरू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशीच्या चौकोनात लिहून ठेवलेला. ही बाई लोकांच्या ठेवी सांभाळत होती! आज ती कमल मला रस्त्यात भेटली तर मी माझं पासबुक पदराखाली लपवीन.

एका दुपारी टेबलावरचा फोन वाजला. मुख्य कार्यालयातून बोलतेय, मशीन तपासायचंय, तुमचा पासवर्ड सांगा. सांगितला. नुसता नाही सांगितला, एकेक अक्षर सोडवून सांगितला, आणि वर विचारलं, "मॅडम, जेवण झालं का?" फोनमध्ये कुणीतरी हसलं. तेच हसू जिन्यावरूनही ऐकू आलं. वसूचं हसणं छोटं होतं. आधी नाकातून सुरू व्हायचं, मग घशात अडकायचं आणि शेवटी उचकी लागल्यासारखं बाहेर पडायचं. नवी आलेली ऑफिसर वरच्या मजल्यावरून बोलत होती. ती खाली उतरली, माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, झालं, आता मॅनेजरपुढं उभी करणार. ती म्हणाली, "जेवण नाही झालं. डब्यात काय आहे?" धपाटे होते. दह्यासकट संपवले तिनं. आणि हात धुऊन आल्यावर कॅलेंडर भिंतीवरून काढून, गुंडाळून, माझ्याच पिशवीत घातलं.

ती गुलमंडीकडच्या जुन्या घरातली. वडील सकाळी पूजा सांगायचे आणि दिवसा कचेरीत कारकुनी करायचे. लग्न केलं नाही. मी भोचकपणा करून विचारलं, तर म्हणाली, "एवढा अधिकार कुणाला द्यावा, असं वाटलंच नाही." एकटीच राहायची, आमच्या गल्लीच्या मागच्या गल्लीत. तिचं काम काय, हे मला कळायला फार वर्षं लागली. तुझ्या कामाच्या नावातली सिक्युरिटी समजली, पण हे गव्हर्नन्स काय आहे बाई, असं एकदा विचारलं. आम्ही गच्चीवर पापड वाळत घालत होतो. ती म्हणाली, "घराला कुलूप लावलं, ही झाली सिक्युरिटी. किल्ली कुणाकडं राहील, ते माणूस गावाला गेलं तर ती कुणाकडं देईल, हरवली तर आधी कुणाला सांगायचं, आणि हे सगळं कुणी बसून ठरवलं, हे झालं गव्हर्नन्स. लोक कुलूप भारीतलं आणतात आणि किल्ली कुंडीखाली ठेवतात." आमची किल्ली तुळशीच्या कुंडीखालीच होती.

पन्नाशी ओलांडल्यावर तिनं त्या विषयातली मोठी परीक्षा द्यायचं ठरवलं. इंग्रजी पुस्तकं, एकेक विटेएवढं. अभ्यासाला यायची माझ्या स्वयंपाकघरात. म्हटलं, तुझ्या घरात एवढी शांतता असताना इथं कशाला? तर म्हणे, "परीक्षेच्या हॉलमध्ये बाकीच्यांची खडखड चालते. सवय पाहिजे. तुमच्याकडं कुकर आहे, मिक्सर आहे, भावोजी आहेत." आमचे हे टीव्हीपाशी बातम्यांशी मोठमोठ्यानं भांडायचे, त्यांनाही तिनं अभ्यासक्रमात धरलं होतं. पहिल्या खेपेला नापास झाली. पुण्याहून एसटीनं परत आली, मी स्टँडवर घ्यायला गेले आणि माझी जीभ घसरली. "जाऊ दे गं, या वयात काय करायचंय सर्टिफिकेट घेऊन? रिटायर तर व्हायचंय." तिनं बॅग माझ्या हातातून काढून घेतली आणि वेगळी रिक्षा केली. बरेच दिवस बोलली नाही. मग एका संध्याकाळी दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्या डॉक्टरनं कॉलेज सुटल्यापासून पुस्तक उघडलं नाही, असं कळलं तर जाल का त्याच्याकडं?" मी नाही म्हटलं. "मग झालं तर," म्हणाली, आणि आत येऊन पुस्तक उघडून बसली. दुसऱ्या खेपेला पास झाली.

ती परीक्षा एकदा देऊन सुटका होत नाही, हे मला नंतर कळलं. दरवर्षी काही तास नवं शिकल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर सर्टिफिकेट जातं. चोर रोज शिकतो, तर राखणदारानं का शिकू नये, असा साधा हिशेब. रिटायर झाल्यावरही तिनं ते सोडलं नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं की हे तास भरायला इथल्या पोरांना पुण्या-मुंबईला जावं लागतं, मालक रजा देत नाहीत, खर्च तर नाहीच नाही. म्हणून तिनं छावणीत एका शिकवणीवाल्याची खोली शनिवारी दुपारपुरती मागून घेतली. महिन्यातला एक शनिवार. कुणी बँकेतलं, कुणी वाळूजच्या कारखान्यातलं, कुणी दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारं. सातवी-आठवीच्या पोरांची बाकं. त्यात ही मोठमोठी माणसं गुडघे अडकवून बसायची आणि तास संपला की एकमेकांना ओढून बाहेर काढायची.

तोवर आमचे हे गेले होते. मुलगा बेंगळुरूला. मी दिवसभर खिडकीत बसून कोण कुणाकडं जातंय ते बघायची. एक दिवस वसू आली आणि म्हणाली, "कमलताई, तुम्ही खोटं किती छान बोलता!" मी म्हटलं, भांडायला आलीस का? "नाही. कामाला ठेवायला आले." काम असं होतं की तिच्या विद्यार्थ्यांना मी फोन करून फसवायचं. त्यांच्या ऑफिसांनी तशी लेखी परवानगी दिलेली, विद्यार्थ्यांनाही ठाऊक की या महिन्यात कधीतरी फोन येणार. कधी आणि कुणाचा, ते ठाऊक नाही. पुस्तकात शंभर गोष्टी शिकवल्या तरी पलीकडून एक म्हातारी "बाळा" म्हणाली की सगळं वाहून जातं, असं वसूचं म्हणणं. आणि तिच्या ओळखीतली सर्वांत तयारीची म्हातारी मी.

काय सांगू, किती रमले मी त्यात! कधी मोठ्या साहेबांची आई, कधी पेन्शन अडकलेली मास्तरीण, कधी दवाखान्यातली सिस्टर. पैठणकडची बोली काढायची, मधेच खोकायचं, चष्मा सापडत नाही म्हणून समोरच्यालाच वाचायला लावायचं. भले भले पडायचे. कारखान्यातला इरफान तर पुढं पुढं माझा साधा फोन आला तरी घाबरायचा. ईदेला शुभेच्छा द्यायला केला, तर म्हणाला, "अम्माजी, पहले बोलो, ये असली फोन है क्या? मेरेकू तुमारा भरोसा नक्को." नातीनं व्हिडिओवर विचारलं, "आजी, तू दिवसभर काय करतेस?" मी म्हटलं, लोकांना फसवते. तिनं तिकडं घरभर बोंब मारली, "मम्मी, आजी चोर आहे!" सूनबाईंना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

या सगळ्या संभाषणांचं रेकॉर्डिंग व्हायचं. कॉलच्या शेवटी वसू स्वतः लाइनवर येऊन सांगायची, "सराव संपला. मी वसुधा बोलतेय, घाबरू नका." आणि पुष्कळदा हसायची. मग ज्याची चूक, त्याला वर्गात ती ऐकवून दाखवायची. आणि महिनाअखेरीला सगळं पुसून टाकायचं, हा तिचा नियम. विद्यार्थ्यांना दिलेला शब्द. "चूक शिकण्यापुरती ठेवायची असते," ती म्हणायची. "त्याहून जास्त दिवस ठेवली की ती दुसऱ्याच्या हातातला दगड होते." मी एकदा म्हटलं, एखादं भारी जमलेलं माझ्यासाठी ठेव की. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी विषय पापडांवर नेला.

त्या वर्गात अश्विनी नावाची एक मुलगी होती. गंगापूरकडच्या शेतकरी घरातली, एका छोट्या बँकेच्या कॉम्प्युटर विभागात लागलेली. हुशार, पुस्तकातलं काहीही विचारा. पण माझ्यापुढं दरवेळी पडायची. "मी मोठ्या साहेबांची आई बोलते गं माय. लेकाचा फोन लागत नाय, छातीत कसंतरी होतंय, त्याच्या मेलमधनं माझा दवाखान्याचा कागद काढून दे," म्हटलं, की पलीकडं शांतता. मासा गळाला लागतो तेव्हाची शांतता. मग हळूच, "थांबा हं आजी, बघते मी." पुढच्या महिन्यात मी वेगळी म्हातारी झाले, तरी तेच. तिसऱ्यांदा वर्गात तिला ऐकवलं तेव्हा रडली. म्हणाली, "मॅडम, मला हे जमायचं नाय. मी हे काम सोडते. माझ्या आज्जीसारखं बोलतात त्या, मी नाही कशी म्हणू?"

वसूनं तिला सोडू दिलं नाही. पुढच्या वेळी पोरीनं ठरवूनच ठेवलं होतं बहुतेक, मी दोन वाक्यं बोलले नाही तोच ती कडाडली, "कोण तुम्ही? फोन ठेवा, नाहीतर पोलिसांत देईन!" मला तर धडकीच भरली. वर्गात ऐकवल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अश्विनी फुलून बसलेली. वसू मात्र हसली नाही. "ही आजी खरी असती तर?" तिनं विचारलं. "चोराला नाही म्हणणं सोपं असतं, अश्विनी. आपल्याकडं येणारे दहातले नऊ खरे असतात. म्हातारे, अडलेले, गोंधळलेले. त्यांनाही नाहीच म्हणावं लागतं कधीकधी. ते ऐकून त्यांनी घरी जाऊन रडत बसू नये, हे जमवायचंय तुला."

"ते कसं करायचं, मॅडम?"

"मला माहीत नाही," वसू म्हणाली. अगदी सरळ. "मला स्वतःला जमलेलं नाही. मी नाही म्हणते आणि दार लावून घेते. म्हणून तर माझ्याकडं कुणी येत नाही." मग माझ्याकडं बघून, "कमलताई सोडून."

सगळे हसले. मीही हसले. आज ते वाक्य आठवलं की हसू येत नाही... इतकी वर्षं मला वाटत होतं, मी एकटी पडू नये म्हणून ती माझ्याकडं येते.

पुण्याला जायच्या आदल्या संध्याकाळी ती आली होती. पोटातलं दुखणं, ऑपरेशन साधं आहे म्हणाली, पुतण्याकडं राहून परत येणार. वर्गाचं सगळं तिनं अश्विनीकडं सोपवलं होतं, रेकॉर्डिंगसकट, परत येईपर्यंत. मला झोंबलं. "मला का नाही दिलंस? मी काय खाणार होते का?" ती म्हणाली, "तुम्हाला? माझ्या ओळखीतली सर्वांत धोकादायक बाई आहात तुम्ही." आणि ते हसू; नाकातून, घशातून, उचकीपर्यंत. मी मात्र फुगून बसले. ती निघाली तेव्हा गुडघा दुखतोय म्हणून खाली गेले नाही. गुडघा दुखत नव्हता. बहात्तर वर्षांची बाई रुसली होती. क्रोशाच्या झाकणावाली कमल अजून मेलेली नाही, हे त्यावरून ओळखा.

ती गेल्यावर प्रसाद इथं आला, घर आवरायला. मी त्याची माफी मागितली, तो बिचारा उलट मलाच समजावत बसला. मग म्हणाला, "मावशी, आत्याचा फोन, लॅपटॉप काहीच उघडत नाही. तुम्हाला पासवर्ड ठाऊक असेल ना?" मी म्हटलं, नाही रे बाबा. त्याला वाटलं, मी लपवतेय. इतक्या वर्षांची मैत्रीण आणि ठाऊक नाही? काय सांगू त्याला? मला सांगितला असता, तर ती वसू कसली! तो भांडी कुणाला, पुस्तकं कुणाला, असं विचारत फिरत होता आणि मी त्या घरात एखाद्या खिळ्याला, एखाद्या फळीला तिचा आवाज चिकटून राहिला आहे का, ते कान लावून बघत होते. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज सगळ्या खोल्यांतून फिरून आला.

माझी दुपार आता कशी जाते म्हणाल, तर फसवायच्या नव्या युक्त्या सुचतात. परवाच एक नामी सुचली. गॅसच्या टाकीवाल्याची सासू. सुचली आणि मी फोनकडं हात नेला... कुणाला सांगू? मुलगा म्हणतो, आई, इकडं ये. तिकडं माझ्या खोकल्याला कोण फसणार आहे?

आणि मग महिनाअखेर जवळ आली, तशी मला झोप लागेना. त्या महिन्यातली, वसू पुण्याला जायच्या आधीची रेकॉर्डिंग्ज अश्विनीकडं होती. ती पुसली की संपलं. मी दोन दिवस स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, बँक सुटायच्या सुमाराला, अश्विनीला फोन लावला.

"अश्विनी, कमलमावशी बोलतेय. हा सराव नाही गं."

बोलून गेले आणि जीभ चावली. सरावात मी नेमकं हेच म्हणायची. मग ती म्हणाली, "मावशी, माझ्याकडं असलेल्या तुमच्या नंबरवर मी उलटा फोन करते," आणि कॉल कट.

मी फोन मांडीवर ठेवून बसले. करेल का? का नंबर बघून नुसताच ठेवला? समोरच्या घरातली बाई गच्चीवरचे कपडे काढत होती, तिनं एकेक करून सगळे काढले, चिमटे डब्यात टाकले, खाली गेली. फोन वाजला नाही. आपण ज्यांना फसवायचो ती माणसं पुढं काय करतात, हे मी बघितलं होतं. पण ज्यांचं काम खरं असतं ती पलीकडं अशी बसून असतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं... आणि मग वाजला.

"बोला, मावशी."

मी बोलले. काय काय बोलले! मला तिचा आवाज पाहिजे, म्हटलं. माझ्याकडं काहीच नाही गं. एकच मिनिट. शेवटी ती हसते ना, तेवढंच काढून दे, बाकीच्यांचं पुसून टाक. कुणाला कळणार नाही. माझे किती दिवस राहिलेत? मी तुझी आज्जी असते तर नाही म्हणाली असतीस का? माझ्या सोंगातली सगळी वाक्यं एकामागून एक तोंडातून निघत होती, त्याच क्रमानं, त्याच बोलीत, मधे तोच खोकला, आणि त्यात आज सोंग कणभरही नव्हतं.

पलीकडं रस्त्याची वर्दळ ऐकू येत होती. मग स्कूटी बंद झाल्याचा आवाज आला. मग शांतता. ती शांतता मी ओळखली. इतके महिने या पोरीची हीच शांतता ऐकत आलेय, आणि तिच्यानंतर काय येतं तेही मला ठाऊक होतं. खरं सांगते, मला आनंद झाला. वसूची एवढी मेहनत माझ्या एका फोनपायी पाण्यात जाणार होती आणि मला आनंद झाला. मी डोळे मिटून घेतले, "थांबा हं आजी" ऐकायला.

अश्विनीचा आवाज रडका होता, पण अडखळला नाही. ती म्हणाली,

"नाही, मावशी. ते मला देता येणार नाही, त्यात सगळ्यांच्या चुका आहेत, आणि उद्या मी ते पुसणार आहे. पण तुम्ही फोन ठेवू नका. मी गाडी कडेला घेतलीय, मला काही घाई नाही. मॅडमचं काहीही सांगा, मी ऐकतेय."